धारेची परीक्षा आणि परीक्षेची धार

वस्तूची परीक्षा घेणे सोपे असते. त्या परीक्षेचीच परीक्षा घेणे तितके सोपे नसते. अमेरिकेतील 'हिस्ट्री' वाहिनीने एप्रिल २०१८ मध्ये 'फोर्ज्ड इन फायर : नाइफ ऑर डेथ' या नावाची पाती चालविण्याची स्पर्धा दूरचित्रवाणीवर आणली. ती दोन हंगाम चालली आणि २०१९ नंतर थांबली. तथापि तिच्या चित्रफिती आजही जगभर पाहिल्या जातात, आणि तिच्याविषयी प्रेक्षकांत जो मतभेद उभा राहिला तो स्पर्धा संपल्यावरही शमलेला नाही. सुरी, कोयता किंवा तलवार यांनी दोर आणि बर्फ कापण्याच्या खेळावर अग्रलेखाच्या पानाने विचार करावा, एवढे त्यात काय आहे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. परंतु प्रेक्षकांची ती मते जरा बारकाईने पाहिली, तर त्यांत एका खेळाच्या गुणदोषांपेक्षा मोठा प्रश्न दडलेला दिसतो : हत्याराची किंमत कोणी ठरवायची, ते वापरणाऱ्याने, घडविणाऱ्याने, की नुसते पाहणाऱ्याने?

प्रथम या स्पर्धेचे कूळ सांगितले पाहिजे. तिच्या आधी, जून २०१५ मध्ये, त्याच वाहिनीवर 'फोर्ज्ड इन फायर' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात चार लोहार एकत्र येतात, ठरावीक तासांत भट्टीवर पाते घडवितात, आणि परीक्षक एकेकाला बाद करीत जातात. उरलेले दोघे आपापल्या घरच्या भट्टीवर परततात आणि इतिहासातील एखादे नामांकित शस्त्र काही दिवसांत घडवून आणतात. विजेत्याला दहा हजार डॉलर मिळतात. भारतीय वाचकाला कौतुक वाटावे अशी गोष्ट म्हणजे पहिल्याच हंगामात घडविण्यासाठी निवडलेल्या शस्त्रांत चक्र आणि कट्यार ही आपली दोन शस्त्रे होती. 'हिस्ट्री टीव्ही १८' या नावाने ही वाहिनी २०११ साली भारतातही आली. त्यामुळे लोहारकामाचा हा आधुनिक अवतार आपल्याकडील प्रेक्षकाला अगदी अपरिचित राहिलेला नाही.

'नाइफ ऑर डेथ' ही त्याच घराण्यातील धाकटी पाती. थोरल्या कार्यक्रमात भर घडविण्यावर होता. धाकट्यात तो चालविण्यावर आला. स्पर्धक आपले पाते सोबत घेऊन येई आणि एका आखलेल्या मार्गावरून घड्याळाशी शर्यत लावीत पुढे जाई. वाटेत बर्फाच्या लाद्या, लाकूड, टांगलेले दोर, मांस-मासे, फळे असे अडथळे मांडलेले असत. पाते मोडले, वाकले किंवा वेळ संपली की स्पर्धक बाद. जे तरले त्यांतील सर्वांत वेगवान स्पर्धकांना त्याहून कठीण अशा दुसऱ्या मार्गावर उतरावे लागे. निवेदक होते व्यावसायिक कुस्तीतले नामांकित मल्ल बिल गोल्डबर्ग. त्यांच्या जोडीला अमेरिकी लष्कराच्या विशेष दलात काम केलेले तू लाम हे शस्त्रविद्येचे जाणकार. म्हणजे एका बाजूस गर्जना आणि दुसऱ्या बाजूस विवेचन, अशी ही जोडी होती. तराजूची दोन्ही पारडी समतोल राहिली असती तर बहुधा पुढचा वादच उद्भवला नसता.

या स्पर्धेविषयीची प्रेक्षकांची मते साधारणपणे चार प्रवाहांत विभागता येतात.

पहिला प्रवाह प्रशंसेचा. या प्रेक्षकांचे म्हणणे असे की, कारखान्यात छापासारखी निघणारी सुरी पाहून ज्या पिढीचे डोळे निबर झाले, तिला हाताने घडविलेल्या पोलादाचे तेज या कार्यक्रमांनी पुन्हा दाखविले. अनेक हौशी तरुण भट्टीकडे वळले, परसात ऐरण आली, आणि मरणपंथाला लागल्यासारखा वाटणारा एक व्यवसाय चर्चेत आला. हे म्हणणे खोटे नाही.

दुसरा प्रवाह कंटाळ्याचा. आरडाओरडा फार, माहिती थोडी. पाते कोणत्या पोलादाचे, त्याला पाणी कसे दिले, धार किती जाड ठेवली, हे सांगण्याऐवजी स्पर्धकाच्या आयुष्याची कहाणी, भेदक संगीत आणि तोच घाव तीन वेळा संथ गतीने, अशी या प्रेक्षकांची तक्रार आहे.

तिसरा प्रवाह न्यायाचा प्रश्न विचारतो. लांब तलवार, जड कोयता आणि आखूड सुरी एकाच मार्गावर कशा उतराव्यात? जिंकले ते पाते की मनगट? एखादा धिप्पाड मनुष्य बोथट पात्यानेही बर्फ फोडील आणि उत्तम धारेची नाजूक सुरी बर्फावर चिरफळेल. मग यातून काय सिद्ध झाले? जपानी घाटाची तलवार अभिमानाने मिरवीत येणारा आणि ती बर्फावर किंवा लाकडावर वाकवून परतणारा स्पर्धक हा तर थट्टेचा कायमचा विषय झाला. परंतु त्या थट्टेला विचारी प्रेक्षकाने उत्तरही दिले आहे : ती तलवार बर्फ फोडण्यासाठी मुळात जन्मलीच नव्हती.

चौथा प्रवाह नीतीचा. एवढे मासे, एवढी फळे निव्वळ गमतीसाठी कापून जमिनीवर पाडावीत काय? स्पर्धेच्या नावातच मृत्यूचा शब्द कशाला? थोरल्या कार्यक्रमातील एक परीक्षक डग मार्कैडा यांचा, पाते ठार मारील असे ऐकू येणारा एक शब्द घरोघरी लोकप्रिय झाला. आपल्याला अभिप्रेत असलेल्या शब्दाची फोड 'सर्वांना जिवंत ठेवा' अशी आहे, असा खुलासा त्यांनी स्वतःच केला आहे. खुलासा चांगला आहे. पण खुलासा करावा लागतो यातच सारे आले.

हे चार प्रवाह वेगवेगळे दिसतात, तथापि आमच्या मते त्यांचा उगम एकच आहे. प्रशंसा करणारा म्हणतो, घडविणे दाखविलेत हे बरे केलेत. कंटाळलेला म्हणतो, घडविणे पुरेसे दाखविले नाही. न्याय मागणारा विचारतो, हे पाते कोणत्या कामाचे. आणि नीतीचा प्रश्न काढणारा विचारतो, हे कापणे कशासाठी? चौघेही एकाच रिकाम्या जागेकडे बोट दाखवितात, आणि ती रिकामी जागा म्हणजे प्रयोजन. हत्याराची कसोटी त्याच्या प्रयोजनातून निघाली तर तिला अर्थ असतो. प्रयोजन बाजूला ठेवून नुसता अडथळा मांडला, तर उरतो तो देखावा.

ही गोष्ट नुसती तात्त्विक नव्हे. कसोटी कशी असावी याचे उत्तम उदाहरण त्याच अमेरिकेत, त्याच व्यवसायात उपलब्ध आहे. मेरिलँडमधील विल्यम मोरन या लोहाराने १९७३ साली कॅन्सस सिटी येथील प्रदर्शनात निरनिराळ्या पोलादांचे थर एकजीव करून घडविलेल्या नक्षीदार सुऱ्या मांडल्या, आणि अमेरिकेतील हस्तघडाईच्या पुनरुज्जीवनाला चालना मिळाली. पुढे १९७६ साली त्यांनी तीन सहकाऱ्यांसह 'अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी' स्थापन केली. या संस्थेत पहिली पायरी चढू इच्छिणाऱ्या लोहाराला आपल्या हातच्या एका सुरीनिशी परीक्षेला उभे राहावे लागते. सुरीचे पाते दहा इंचांहून लांब आणि दोन इंचांहून रुंद नको. मुठीसह एकूण लांबी पंधरा इंचांच्या आत हवी.

त्या परीक्षेचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी एक इंच जाडीचा, खालून मोकळा लोंबणारा दोर एका घावात तोडायचा. दोराला खालून आधार नसल्यामुळे इथे बळ उपयोगी पडत नाही. धार नसेल तर दोर नुसता बाजूला सरकतो. मग बांधकामातल्या साध्या लाकडी पट्ट्या तोडायच्या. इथे धार टिकते की दुमडते ते कळते. त्यानंतर, ज्या भागाने लाकूड तोडले त्याच भागाने हातावरचे केस भादरून दाखवायचे. म्हणजे एवढी मारामारी करूनही धार जागच्या जागी आहे हे सिद्ध होते. आणि शेवटी तेच पाते शेगड्यात धरून नव्वद अंशांत वाकवायचे. धारेला तडा गेला तर चालेल, पण पाते दुभंगता कामा नये. चारही परीक्षा एकाच पात्याच्या. दोरासाठी एक आणि लाकडासाठी दुसरे, अशी सवलत नाही.

या चार कसोट्यांत लोहारकामाचे सारे शास्त्र साठविलेले आहे, आणि दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला नेमके तेच हवे होते. पोलाद लाल तापवून एका मर्यादेपलीकडे नेले की त्याची अंतर्रचना बदलते आणि लोहचुंबक त्याला चिकटेनासे होते. जुने कारागीर हे रंगावरून ओळखत, नवे चुंबक लावून पाहतात. त्या क्षणी ते तेलात किंवा पाण्यात बुडविले की ते अतिशय कठीण होते. यालाच आपण पाणी देणे म्हणतो, आणि 'पाणीदार' हा शब्द माणसाच्या स्वभावाला लावताना त्याच गुणाचे स्मरण करतो. पण नुसते कठीण झालेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर, साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास, काही काळ ठेवून त्याची कठीणता थोडी उतरवावी लागते. कठीणपणा वाढवावा तर चिवटपणा घटतो आणि चिवटपणा वाढवावा तर धार लवकर मरते. लोहाराची सारी बुद्धी या दोहोंतील मध्य साधण्यात खर्ची पडते. धार कठीण आणि पाठ मऊ ठेवणे हा त्यावरचा एक जुना उपाय आहे. दोर आणि केस यांची कसोटी कठीणपणाची, लाकूड आणि वाकविणे यांची चिवटपणाची. केवळ बर्फाची लादी फोडून यातले अर्धेही कळत नाही.

बर्फावर पाते का चिरफळते, याचेही उत्तर यातच आहे. पातळ धार दोरात सहज शिरते, कारण तिला वाटेतून बाजूला सारावा लागणारा पदार्थ थोडा असतो. तीच पातळ धार कठीण पदार्थावर आपटली, किंवा घाव किंचित तिरपा बसला, तर तिच्या मागे आधाराला पोलाद कमी असल्याने ती तुटते. जाड धार तगून राहते, पण दोरावर निष्प्रभ ठरते. यास्तव अमुक पाते चांगले की वाईट, या प्रश्नाला 'कशासाठी?' असा प्रतिप्रश्न केल्यावाचून उत्तर नाही. जपानी तलवार वाकली म्हणून हसणारा प्रेक्षक आणि ती वाकली म्हणून पोलादालाच दोष देणारा प्रेक्षक, दोघेही हा प्रतिप्रश्न विसरतात.

अमेरिकेत दूरचित्रवाणीबाहेर पाती चालविण्याच्या ज्या स्पर्धा होतात, त्यांनी हा धडा बऱ्याच अंशी गिरविलेला आहे. 'ब्लेडस्पोर्ट्स' या नावाने चालणाऱ्या स्पर्धेत पात्याची मापे मोरन यांच्या संस्थेच्या परीक्षेप्रमाणेच बांधलेली आहेत. म्हणजे लांब तलवार विरुद्ध आखूड सुरी हा अन्याय मुळातच टळतो. लाकडाच्या जाड पट्टीपासून टेनिसच्या चेंडूपर्यंत, टांगलेल्या दोरापासून पाण्याच्या बाटल्यांपर्यंत आणि शेवटी शीतपेयाच्या हलक्या नळ्यांपर्यंत पदार्थ मांडलेले असतात. जे पाते लाकूड तोडते त्याच पात्याने उभी नळी जागची न हलविता कापायची. एकीकडे बळ, दुसरीकडे हळुवारपणा. शिवाय सुरक्षिततेचे शिक्षण घेतल्याखेरीज कोणाला उतरू देत नाहीत, आणि पाते हातातून निसटून उडू नये म्हणून मुठीला दोरी बांधणे सक्तीचे असते. इथे आरडाओरडा कमी आणि प्रेक्षकही थोडे. पण जे असतात त्यांतील बहुतेकांना काय चालले आहे ते कळते.

कसोटी घेणाऱ्याने आपल्या निर्णयाची जबाबदारी घ्यावी, हा दंडक तर त्याहूनही जुना आहे. जपानात इदो काळात तलवारीची परीक्षा घेणारे अधिकृत परीक्षक असत. यामादा आसाएमोन हे नाव धारण करणारे घराणे त्यासाठी प्रसिद्ध होते. परीक्षा मृत्युदंड झालेल्या गुन्हेगारांच्या प्रेतांवर होत असे, आणि हे वर्तन आजच्या कोणत्याही सुसंस्कृत माणसाला अघोरी वाटेल यात शंका नाही. परंतु त्यातली एक गोष्ट ध्यानी धरण्यासारखी आहे. परीक्षेचा निकाल, परीक्षकाच्या नावानिशी, तलवारीच्या मुठीत दडणाऱ्या भागावर कोरला जाई. मत देणारा आपल्या मतापाशी शतकानुशतके बांधला जाई. आज त्याच देशात पाण्यात भिजविलेल्या गवती चटईच्या गुंडाळ्या कापून ही विद्या जोपासली जाते. प्रेते गेली, शिस्त राहिली. हजारो मैलांवर बसून एका बोटाच्या हालचालीने मत देणाऱ्या आजच्या प्रेक्षकाला यातून काही शिकता आले तर बरे.

आपल्याकडेही परीक्षा आणि प्रयोजन यांची फारकत होत नव्हती. कोल्हापूरच्या तालमींतून मर्दानी खेळ पाहिलेल्यांना ठाऊक आहे की दांडपट्टा फिरविणारा खेळाडू शेवटी लिंबू कापून दाखवितो. त्यात लिंबाचे काही विशेष नाही. त्यात दिसतो तो आवर. वेगाने फिरणारे लवचीक पाते इंचभर लिंबावर नेमके आणून थांबविणे म्हणजे त्या पात्यावर मनाचे राज्य असल्याची साक्ष. महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तो त्याच्या कापण्याच्या शक्तीपेक्षा त्या परंपरेला दिला असेच आम्ही मानतो.

आणि पोलादाच्याच बाबतीत बोलायचे, तर ज्या दमास्कस पोलादाच्या नावाने अमेरिकन लोहार आज अंगावर मूठभर मांस चढवितात, त्याचा कच्चा माल एके काळी दक्षिण भारतातून जात असे. तेलंगणातील कोनसमुद्रम हे त्यासाठी नावाजलेले एक गाव. तिथल्या भट्ट्यांचे वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज निरीक्षकांनी लिहून ठेवले आहे. त्या पोलादावरील लहरींसारख्या नक्षीचे रहस्य आयोवा स्टेट विद्यापीठातील धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवेन आणि फ्लॉरिडातील लोहार अल पेंड्रे यांनी मिळून शोधले, आणि १९९८ साली असे दाखविले की लोखंडातील व्हॅनेडियमसारख्या द्रव्यांचा अत्यल्प अंश त्या नक्षीला कारण होतो. प्राध्यापक आणि लोहार एकाच ऐरणीपाशी उभे राहिले तेव्हा हे कोडे सुटले. आपल्या देशात ती ऐरण कोठे आहे आणि तिच्यापाशी कोण उभा आहे, हा विचार कोनसमुद्रमच्या वारसांनी करावयास नको काय?

कायदासुद्धा प्रयोजनच विचारतो, ही बाब मुद्दाम नमूद केली पाहिजे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालील नियम यांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची गणना धारदार शस्त्रांत केली आहे. पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडविलेली पाती त्यातून वगळली आहेत. म्हणजे नारळ सोलणारा कोयता आणि तेवढ्याच लांबीचे दुसरे पाते यांत कायदा भेद करतो तो मोजपट्टीने नव्हे, हेतूने. हा भेद पुसला गेला की काय होते, ते २०२२-२३ च्या सुमारास पुण्यात दिसले. शेतकऱ्याच्या आणि ऊसतोडणी कामगाराच्या हातातील कोयता काही उनाड पोरांच्या हाती गेला, 'कोयता गँग' हा शब्द वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येऊन बसला, आणि ज्या अवजाराने पिढ्यानपिढ्या घरे पोसली ते पोलिसांच्या संशयाचा विषय झाले. त्या पोरांना हे अमेरिकन कार्यक्रमांनी शिकविले असे म्हणणे अन्यायाचे होईल. तसा दावा आम्ही करीत नाही. पण कामापासून तुटलेले पाते पडद्यावर मिरवू लागले काय आणि रस्त्यावर मिरवू लागले काय, त्या मिरवण्याची जात एकच असते.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळतो, कारण या वादाचा खरा काटा इथेच रुततो. गोमंतकात आणि कोकणात धार ही काल-परवापर्यंत करमणुकीची वस्तू नव्हती. माडावर चढणारा पाडेली कमरेला कोयता लावून जीव मुठीत धरीत असे. रेंदेराची काती इतकी तीक्ष्ण लागे की माडाच्या पोयीची पातळ चकती सकाळ-संध्याकाळ कापली तरी पोय दुखावू नये. काती बोथट, तर सुराचा ओघ खुंटला. मासळी कापणारी बाई आणि आदोळीवर बसून नारळ किसणारी, भाजी चिरणारी गृहिणी यांना पोलादाचे शास्त्र कोणी शिकविले नव्हते. तरी धार कमी झाली हे त्यांना पहिल्याच कांद्याला कळे, आणि गावच्या लोहाराकडे निरोप जाई. लोहाराच्या पात्याची परीक्षा रोज, शंभर घरांत, कोणत्याही घड्याळाशिवाय होत असे. निकाल तोंडी असे, पण तो खोटा नसे. कारण निकाल देणाऱ्याचे पोट त्या धारेवर होते. अशा गावात प्रेक्षक आणि परीक्षक हे दोन वेगळे वर्ग नव्हतेच.

आज ही साखळी दुव्यादुव्याने तुटत आहे. माडावर चढणारा माणूस शोधूनही मिळत नाही, अशी बागायतदारांची तक्रार जुनी झाली. दुकानातील गुळगुळीत सुरी बोथट झाली की ती फेकून दुसरी आणली जाते. धार लावणारा माणूस चाक फिरवीत गल्लीत आला तर मुले त्याच्याकडे सर्कशीतल्या प्राण्याकडे पाहावे तसे पाहतात. ज्या लोहारशाळेच्या भात्याचा आवाज पहाटे ऐकू येई तिथे अनेक ठिकाणी जोडकामाच्या दुरुस्तीचे दुकान उभे आहे. कारागिराने पोटासाठी केलेल्या या बदलास दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. पण परिणाम असा झाला की धारेविषयी आपले मत आहे आणि धारेशी आपला संबंध नाही. हिस्ट्री वाहिनीवरील पाते वाकले की आपण चुकचुकतो, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातील बोथट सुरीने टोमॅटो चेंगरीत बसतो.

यावर कोणी म्हणेल की हे गतकाळाचे रडगाणे झाले. यंत्रयुगात लोहार नाहीसा होणारच. यंत्राला आमचा विरोध नाही. अमेरिकेपेक्षा यंत्रयुग अधिक कोठे आले आहे? तरीही तिथेच मोरन यांनी भट्टी पुन्हा पेटविली, संस्था काढली, आर्कान्सामध्ये शाळा उभी राहिली, परीक्षा बांधून दिली, आणि त्यानंतर अनेक वर्षांनी दूरचित्रवाणी तिथे पोहोचली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कारागीर, मग शाळा, मग कसोटी आणि सर्वांत शेवटी तमाशा. म्हणूनच तिथल्या प्रेक्षकांतील जाणत्यांना तमाशातले उणे अचूक सांगता आले. आपल्याकडे पहिल्या तीन पायऱ्या वगळून चौथीवर उडी मारण्याची घाई दिसते. पाहणारे वाढत आहेत, जाणणारे घटत आहेत.

उपाय फार मोठे नाहीत, आणि सगळेच शासनाच्या दारी मागण्याचे नाहीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून जोडकाम आणि यंत्रकाम शिकविले जाते. त्यात पोलादाला पाणी देणे आणि धार लावणे यांचा काही आठवड्यांचा पाठ घालणे अशक्य नाही. ज्या गावात लोहार अजून भट्टी पेटवितो, त्याच्याकडून एक कोयता, एक आदोळी मुद्दाम करून घ्यावी आणि ती बोथट झाल्यावर त्याच्याकडेच परत न्यावी. त्याला पैशाइतकीच गरज आहे ती त्याच्या कामातले बरेवाईट सांगणाऱ्या गिऱ्हाइकाची. लोकोत्सवांत लोहारकामाचे प्रात्यक्षिक ठेवावे आणि पाते कापताना दाखविण्याआधी ते घडताना दाखवावे. शाळेच्या मुलांनी सहलीला किल्ले पाहावेत, तसा एखादा भाताही पाहावा.

खंडेनवमीला आपल्या घरोघरी अवजारांची पूजा होते. त्या दिवशी पाटावर मांडलेल्या कोयत्याला, आदोळीला आणि सुताराच्या तासणीला हळदकुंकू लागते ते त्यांनी वर्षभर काम केले म्हणून. भिंतीवर नुसत्या टांगलेल्या शोभेच्या वस्तूची पूजा करण्याची आपली रीत नाही. परदेशातील त्या स्पर्धेवर प्रेक्षकांनी जी शेकडो मते दिली, त्यांचे सारही आमच्या मते हेच निघते. पाते कामाला असेल तर ते आदराला पात्र होते, आणि काम ठाऊक असेल तर त्या पात्याविषयीचे मत ऐकून घेण्यास पात्र होते. येत्या नवमीला पाटावर ठेवण्यासाठी गावच्या लोहाराच्या हातचे निदान एक तरी अवजार आपल्या घरात आहे काय, याची चाचपणी प्रत्येकाने आजच करावी, आणि नसेल तर नवमी येण्यापूर्वी त्याच्या भट्टीची वाट धरावी.